उसातली भाकर

गोष्ट सांगून झाली की मी फळ्यावर एकच ओळ लिहायचे. ‘हे आपल्याकडं कुठं आहे?’ मग वर्ग डोळे मिटून बसायचा आणि थोड्या वेळानं एकेक हात वर यायचा. मुक्या राणीची गोष्ट झाली तेव्हा तिसरीतली एक मुलगी म्हणाली, “आमची आजी तशीच हाय. अर्धांग झाल्यापासून ती बोलत नाय, नुसती बघती.” दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं की घरी गेल्यावर ती आजीच्या खाटेवर बसली आणि राणीची सगळी गोष्ट आजीला सांगितली. आजीनं तिचं मनगट धरून ठेवलं, सोडेचना. दोन चिमण्यांच्या भांडणाची गोष्ट झाली तेव्हा दोन चुलत बहिणी एकमेकींकडं बघून हसल्या. त्यांच्या बापांनी त्याच आठवड्यात बांधावरून बोलणं टाकलं होतं.

फार वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात ऐकलेलं माझ्या मनात बसलं होतं, की गोष्ट मुलाच्या जगण्याला जोडली नाही तर ती पुस्तकातच राहते. नोकरीची अठरा वर्षं मी ते धरून चालले. माझ्या वर्गातली पोरं गोष्ट घरी नेतात, याचा मला अभिमान होता. आता हे लिहिताना तो शब्द जरा अडकतो.

आमची शाळा पैठणच्या अलीकडं, कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकतो त्या पट्ट्यात एका वस्तीवर आहे. दोन खोल्या, पहिली ते चौथीची एकतीस पोरं, एक मोठे सर आणि एक मी. गोष्टीच्या तासाला सगळी पोरं माझ्याच खोलीत बसायची. मी शहरातल्या गारखेड्याहून सकाळच्या एसटीनं जायचे आणि फाट्यावर उतरून दीड किलोमीटर चालायचे. जून-जुलैत तो रस्ता उघडा असतो, दूरवर दिसतं. थंडी पडू लागली की दोन्ही बाजूंचा ऊस डोक्याच्या वर जातो आणि रस्त्याची बोळ होते. वारा नसतानाही आतून पाचटाची, वाळल्या पानांची, सळसळ येते. आधी मला ती कधी ऐकूसुद्धा येत नव्हती.

त्या वर्षी डिसेंबरात चारीच्या ओल्या मातीत पंजाचे ठसे दिसले. चारी म्हणजे शेतात पाणी नेणारा लहान कालवा. आधी लोक म्हणाले, कुत्र्याचे असतील. मग वस्तीवरचं एक कुत्रं नाहीसं झालं, आठ दिवसांनी दुसरं. वन खात्याची माणसं आली, ठसे बघितले आणि म्हणाली, बिबट्या आहे. उसात राहतो, माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. पण एकट्यानं फिरू नका, उसाजवळ वाकून बसू नका, लेकरांना एकटं सोडू नका, बोलत, आवाज करत चाला.

मी आवाज करत चालू लागले. डब्याच्या स्टीलवर किल्ल्या वाजवायचे. कधी मोठ्यानं पाढे म्हणायचे. फाट्यावरच्या चहावाल्यानं एकदा विचारलं, “मॅडम, एकट्याच कुनाशी बोलत जाता?” मी हसून वेळ मारून नेली. खरं तर त्या दीड किलोमीटरमध्ये माझी पाठ घामानं भिजायची, थंडीतसुद्धा. समोर काही असेल याची भीती नव्हती. मागं असेल याची होती. वळून बघावं तर पुढचं दिसत नाही, आणि नाही बघावं तर मानेवर कुणाची तरी नजर आहे असं वाटत राहायचं. घरी मी यातलं काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नवरा म्हणाला असता, रजा टाक. आणि मला तेच ऐकायला आवडलं असतं, म्हणून सांगितलं नाही.

पोरांची भीती मात्र लपत नव्हती. मोठ्या सरांनी ठरवून दिलं होतं, चौथीच्या मुलांनी शेजारच्या लहानांना घेऊन टोळीनं यायचं. ती यायची, पण पहिलीतली दोघं-तिघं रोज रडत यायची. लघवीला बाहेर जायचं म्हटलं तर चार जण मिळून जायची. एका गुरुवारी बातमी आली की वस्तीच्या टोकाच्या घरची बकरी दावं तोडून नेली. ते घर दुसरीतल्या एका मुलीचं. सात वर्षांची, बोलायला कमी, दोन वेण्यांपैकी एक नेहमी सुटलेली. आई कांदा लावायला रोजानं जायची, बाप पैठण रस्त्यावरच्या एका कारखान्यात पाळीवर, आणि घरी आजोबा बकऱ्या राखायचे. बकरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती शाळेत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

त्या दिवशी वर्गात कुणाचंच लक्ष लागत नव्हतं. खिडकीच्या बाहेर पाखरू उडालं तरी पोरं दचकत होती. मला वाटलं, यांची भीती घालवली पाहिजे. म्हणून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि तिथल्या तिथं एक गोष्ट रचली.

एका डोंगरावर एक म्हातारी वाघीण होती. तिचे दात पडले होते, तिला पळवत नव्हतं, म्हणून ती गावात येऊन कोंबड्या चोरायची. गावानं भाले काढले. तेव्हा एका मुलीची आजी म्हणाली, “भुकेला चोरतो, जेवलेला राखण करतो.” मग ती मुलगी रोज आपल्या वाटची अर्धी भाकर नेऊन आपट्याच्या झाडाखाली ठेवू लागली. वाघीण भाकर खायची आणि निघून जायची. तिनं कोंबड्या चोरणं सोडलं. पुढं एका पावसाळ्यात नदीचं पाणी अचानक चढलं. गावाला पत्ता नव्हता. डोंगरावरून वाघिणीनं अशी डरकाळी फोडली की सगळं गाव बाहेर आलं आणि उंचावर जाऊन वाचलं.

पोरं हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा हसली. एकानं वाघिणीसारखं बोळकं तोंड करून भाकर खाऊन दाखवली. मी फळ्यावर माझी ओळ लिहिली, ‘हे आपल्याकडं कुठं आहे?’ दुसरीतल्या त्या मुलीनं हात वर केला. ती सहसा करत नसे.

“मॅडम, त्याला भूक लागली म्हनून त्यानं आमची बकरी नेली ना?”

“हो, भूक लागली असणार,” मी म्हणाले.

“जेवला असता तर नसती नेली?”

“नसती नेली,” मी म्हणाले. आणि पुढच्या मुलीकडं वळले.

शनिवारी सकाळची शाळा. मी सांगितलं, कालच्या गोष्टीचं चित्र काढा. एकतीस चित्रं आली. कुणाची वाघीण पिवळी, कुणाची निळी, एकीला चष्मा. जायच्या घाईत मी लाल पेननं सगळ्यांना शेरे दिले आणि वह्या कपाटात ठेवल्या.

सोमवारी परिपाठ चालू असताना मी पोरं मोजली. तीस भरली. दुसरीच्या रांगेत ती नव्हती. तिच्या शेजारी राहणारी चौथीतली मुलगी तिला रोज घेऊन यायची. मी तिला विचारलं.

“ती पुढं गेली म्हनली तिची चुलती,” ती म्हणाली. पण माझ्याकडं बघून बोलली नाही.

“पुढं म्हणजे? शाळेत तर आली नाही.”

तिनं फ्रॉकचं टोक मुठीत धरलं. मी तिला रागावले नाही. मला काय सुचलं कोण जाणे, मी वर्गात गेले, कपाट उघडलं आणि त्या दुसरीतल्या मुलीची चित्राची वही काढली.

शनिवारी मी ते चित्र बघितलं होतं. आता बघितलं तेव्हा माझे हात गार पडले. हिरव्या उभ्या रेघांची दाटी, म्हणजे ऊस. त्याच्या कडेला एक मुलगी, शाळेच्या गणवेशात, हातात गोल भाकर. समोर ठिपक्याठिपक्यांचं जनावर. आणि मध्ये एक झाड. मी गोष्टीत आपटा सांगितला होता. तिनं आपटा काढला नव्हता. तिनं बाभूळ काढली होती आणि तिला सुगरणीचे खोपे लटकवले होते, सात-आठ, एका बाजूला झुकलेले. ती बाभूळ मला ओळखीची होती. शाळेच्या दारात उभं राहिलं की चारीच्या पलीकडं, उसाच्या टोकाला ती दिसते. पंजाचे पहिले ठसे तिच्याच खाली दिसले होते.

मी विचारलेल्या प्रश्नाचं तिनं अगदी नेमकं उत्तर दिलं होतं. आपल्याकडं ते इथं आहे. आणि त्या चित्राखाली माझ्या अक्षरात लाल शाईनं लिहिलं होतं, ‘शाब्बास’.

मी बाहेर आले तेव्हा माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही, पण ती चौथीतली मुलगी मला बघून रडायलाच लागली. “मॅडम, तिनं शपथ घातलती. ती वाघिनीला भाकर द्यायला गेली. म्हनली, आता उरलेल्या बकऱ्या तरी ऱ्हातील.”

मोठ्या सरांनी एक क्षण माझ्याकडं बघितलं. त्यांची निवृत्ती वर्षावर आली होती, ते कधी घाई करत नसत. त्यांनी सगळ्या पोरांना एका खोलीत घातलं, खिचडी शिजवणाऱ्या मावशींना आत बसवलं आणि दाराला बाहेरून कडी लावली. “मी फोन लावतो आणि इथं थांबतो,” ते म्हणाले. “तुम्ही एकट्या जाऊ नका. आजोबाला हाक मारा, वाटेत ऊस तोडणारी माणसं आहेत, त्यांना घ्या.”

मी पळत सुटले. पळताना मला एवढंच कळत होतं की साडीचा काठ पायात येतोय. आजोबा बकऱ्या घेऊन वस्तीच्या दुसऱ्या अंगाला होते. मी कसंबसं सांगितलं. त्यांनी बकऱ्या तशाच सोडल्या आणि काठी घेऊन निघाले. ऊसतोडीच्या टोळीतली दोन माणसं आणि एक बाई कोयते घेऊन आली. आम्ही पाच जण चारीच्या कडेनं बाभळीकडं गेलो.

बाभळीखाली दोन चपला होत्या. लहान, गुलाबी पट्ट्याच्या, एकमेकींना लावून नीट ठेवलेल्या. शेजारी कापडात बांधलेली भाकर. कापड उघडलेलं नव्हतं.

आजोबांनी चपलांकडं बघितलं आणि ते मटकन खाली बसायला लागले. टोळीतल्या बाईनं त्यांना दंडाला धरून उभं केलं. “बाबा, रगत नाय कुठं. बघा नीट. रगत नाय.” मी खाली बघितलं. खरंच नव्हतं. चपला कुणी ओढून काढलेल्या नव्हत्या. देवाला नैवेद्य ठेवताना काढतात तशा तिनं स्वतः काढल्या होत्या. मातीत तिच्या अनवाणी पायांची बोटं उमटली होती आणि ती पावलं उसात गेली होती.

आम्ही उसाच्या दोन ओळींमधल्या सरीतून आत शिरलो. पुढं आजोबा, मागं मी, मग ती तिघं. उसाची पानं करवतीसारखी गालाला लागत होती. दोन हातांच्या पलीकडं काही दिसत नव्हतं. ऊन वर होतं, आत हिरवा अंधार होता. आजोबा नातीला हाक मारत होते, आणि प्रत्येक हाकेनंतर आम्ही थांबून ऐकायचो. पाचट वाजायचं. ते आमच्याच पायाखालचं आहे की दुसऱ्या कुणाच्या, ते कळायचं नाही. माझ्या मनात त्या वेळी त्या मुलीचा विचार होता असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. खरं असं आहे की मला माघारी पळायचं होतं. माझ्या मागं माणसं होती म्हणून मी पळाले नाही.

तीस-चाळीस पावलांवर ऊस आडवा झाला होता. कशानं तरी पाडून तिथं खोलीएवढी मोकळी जागा झाली होती. तिच्या कडेला ती बसली होती, उकिडवी, दोन्ही हात गुडघ्यांवर. तिच्यापासून चार हातांवर पाचटात दोन पिल्लं होती. मांजरीच्या पिल्लांपेक्षा थोडी मोठी, धुरकट, डोळे नुकते उघडलेले. त्यातलं एक आपल्या भावंडाच्या अंगावर चढायला बघत होतं आणि घसरत होतं.

आजोबा पुढं झेपावणार होते. तेवढ्यात डावीकडून आवाज आला. डरकाळी नव्हे. माझ्या गोष्टीतल्या वाघिणीनं फोडली तसलं काहीच नव्हतं ते. लाकूड करवतीनं कापताना येतो तसा खरखरीत, खोल, जमिनीतून आल्यासारखा आवाज. एकदा आला आणि थांबला. ऊस हलला नाही. आम्हाला काही दिसलं नाही. पण पिल्लांची आई तिथं होती, आणि आम्ही तिच्या लेकरांच्या समोर कोयते घेऊन उभे होतो.

टोळीतला माणूस कुजबुजला, “हलू नका. पोरीला हळू बोलवा.”

आजोबांच्या तोंडून शब्द फुटेना. मग मी बोलले. मला दुसरं काही सुचलं नाही, रोज वर्गात म्हणते तेच म्हणाले, त्याच आवाजात. “उठा. हात मागं. रांगेत या.”

ती उठली. हात मागं बांधले. पिल्लांकडं पाठ न करता, आम्ही प्रार्थनेला जाताना चालतो तशी हळू, एकेक पाऊल आली. तिचा चेहरा पांढराफटक होता. मी तिला उचललं नाही, वाकायचं नाही हे तेवढं डोक्यात होतं. तिचा खांदा धरला आणि आम्ही सगळे उलटे, मागं मागं, सरीतून बाहेर आलो. बाहेर उन्हात आल्यावर टोळीतल्या बाईनं तिला कडेवर घेतलं. मी चारीच्या काठावर बसले आणि मला उलटी झाली.

तिच्या आईला निरोप गेला होता. ती चिखलाच्या हातांनीच धावत आली. आधी तिनं पोरीच्या पाठीत दोन धपाटे घातले, मग तिला छातीशी धरून खाली बसली. पोरगी रडली नाही. आजोबा माझ्याजवळ आले. मला वाटलं ते ओरडतील. ते हळूच म्हणाले, “मॅडम, तुमी सांगितलं म्हनून गेली ती.”

मी “हो” म्हणाले.

पुढचं सगळं शहाण्या माणसांनी केलं. वन खात्याच्या लोकांनी त्या शेतातली तोड थांबवली, पिल्लं होती तिथंच ठेवली, कुणाला जवळ जाऊ दिलं नाही आणि लांब एक कॅमेरा लावला. दिवस मावळायच्या आत मादी आली आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन गेली. कालव्याच्या पलीकडं गेली, असं त्यांनी सांगितलं. वस्तीवर पुन्हा ठसे दिसले नाहीत. पण ती गेली यावर लगेच विश्वास कुणाचाच बसला नाही, माझाही नाही.

शाळेत मी गोष्टी सांगणं बंद केलं. मोठ्या सरांनी सांगितलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले होते, “काही दिवस जाऊ द्या.” मी पाठ्यपुस्तकातले धडे वाचायचे, शब्दार्थ लिहून द्यायचे, प्रश्नोत्तरं घ्यायचे. पोरं वाट बघायची, मी काहीतरी विचारीन म्हणून. मी विचारत नव्हते. प्रत्येक धडा मला संशयास्पद वाटायचा. यातलं काय उचलतील, कुठं नेतील. विहिरीत पडलेल्या चेंडूचा धडा मी गाळूनच टाकला.

आठ दिवसांनी ती मुलगी शाळेत आली. वेण्या दोन्ही घट्ट बांधलेल्या होत्या. मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“मॅडम, तिनं भाकर खाल्ली का?”

“नाही,” मी म्हणाले. “बिबट्या भाकर खात नाही. त्याला मांसच लागतं.”

तिनं विचार केला. “मंग तुमची गोष्ट खोटी व्हय?”

अठरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, मी सांगते, आज नाही, पण सांगते. ती मान हलवून गेली. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मोठ्या सरांना घेऊन तिच्या घरी गेले. माफी मागायची होती आणि कशी मागतात ते कळत नव्हतं. तिच्या आईनं चहा ठेवला. माझ्याकडं ती फारशी बघत नव्हती, पण कपात साखर जास्त घातली होती. आजोबा दारात बसले होते. मी त्यांना म्हणाले, “बाबा, चुकलं माझं.”

त्यांनी सरकून मला बसायला जागा करून दिली. मग म्हणाले, “ती गोष्ट काय व्हती, ते सांगा एकदा. पोरगी सांगती, पन मला नीट उमगली नाय.”

मी त्यांना गोष्ट सांगितली. सगळी, म्हातारी वाघीण, आजी, भाकर, पूर. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर त्यांनी दाढी खाजवली.

“गोष्ट चांगली हाय,” ते म्हणाले. “पन तुमच्या गोष्टीतल्या पोरीला कुठंच भ्याव वाटत नाय. भाकर घेऊन निघाली अन् ठेवून आली, जशी बाजाराला जावं. मी साठ वर्सं बकऱ्या राखायलो. मला आजून भ्याव वाटतं. म्हनून तर जित्ता हाय.” आणि थांबून म्हणाले, “तेवढं घाला तिच्यात.”

परतीच्या एसटीत मी तेच डोक्यात घोळवत आले. पोरांची भीती जावी म्हणून मी ती गोष्ट रचली होती. म्हणून भीती मी तिच्यातून काढूनच टाकली होती. आणि मग म्हणाले होते, आता ही गोष्ट आपल्याकडं आणा. तिनं आणली. भीती मात्र मी तिच्याबरोबर दिलीच नव्हती.

पुढच्या शुक्रवारी मी वर्गाला म्हणाले, ती वाघिणीची गोष्ट मी नीट सांगितली नव्हती, आज परत सांगते. या वेळी ती मुलगी डोंगराच्या पायथ्याशी थांबली. तिचे हात गार पडले, भाकर हातातून पडली. तिनं ती उचलली नाही. ती घरी आली आणि आजीला म्हणाली, मला भीती वाटली. आजी म्हणाली, बरं झालं. मग आजीनं चार शहाणी माणसं बोलावली आणि काय करायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवलं. गोष्ट आधीइतकी गोड झाली नाही. मी पोरांना सांगितलं की वाघिणी भाकर खात नाहीत, तेवढं मी मनानं घातलं आहे. आणि विचारलं, गोष्टीतलं काय आपल्याकडं तसंच आहे, आणि काय तसं नाही?

पोरं बोलू लागली. आपल्याकडं डोंगर नाय. आपली वाघीण म्हातारी नाय, तिला दात हायेत. आपल्या आज्या कुनाचं ऐकत नायत. हसू आलं थोडं. मग मी विचारलं, तुम्हाला कधी भीती वाटली आणि ती कामाला आली?

तिनं हात वर केला. “ती गुरगुरली तवा,” ती म्हणाली. “आत पिल्लं वरडत व्हती म्हनून मी उसात गेलते. तुमी यायच्या आधी पन ती गुरगुरलती. दोनदा. मला पळायचं व्हतं, पन पाय उठनात. म्हनून मी बसूनच ऱ्हायले.”

दोनदा. हे तिनं तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. बाहेर मावशी तांदूळ निवडत होत्या त्याचा आवाज येत होता.

त्यानंतर एकेक पोर बोलत गेलं. कुणाला मोटारीच्या उघड्या वायरीची भीती, कुणाला दारू पिऊन येणाऱ्या काकाच्या पावलांची. मला ते ऐकवत नव्हतं आणि थांबवताही येत नव्हतं, कारण या वेळी मला कळत होतं की हे नुसतं ऐकून घरी जायचं नाही. सगळ्यात शेवटी पहिलीतली एक मुलगी उठली, सहा वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली. ती म्हणाली, त्यांच्या विहिरीला कठडा नाही, आणि मोटार बंद असली की पाणी तीच काढते. “माझे पाय लई थरथरतात. मंग मी पानी काढत नाय, मोटार चालू व्हईस्तोवर थांबते. आई रागावती.”

शाळा सुटल्यावर मी आणि मोठे सर तिच्याबरोबर गेलो. मोठ्या सरांनी तिच्या बापाला बोलावून विहीर दाखवली, तो मान खाली घालून ऐकत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं विहिरीभोवती लोखंडी जाळी बसवली, आणि मुलगी आता तिकडं जात नाही. पण त्या दिवशी जाळी नव्हती. विहीर रुंद होती, पाणी खूप खाली, काळं. मी काठापासून दोन हात लांबच थांबले. तिनं माझं बोट धरलं होतं. दुसऱ्या हातानं तिनं काठावरचा एक दगड दाखवला.

“मी हितं उभी ऱ्हाते,” ती म्हणाली.

त्या दगडावर एका वेळी एकच पाऊल मावलं असतं.